गिरजाबाईचं लाल निशाण

गिरजाबाई नवी नवरी होती तेव्हाचं भांडण. चुलीपुढं बसून तिनं ऐकलं. बाहेर ओट्यावर गावचे पाटील नानासाहेब तिच्या सासऱ्याला सुनावत होते, "लष्करानं गायरान घेतलं, आन तू त्यांचंच फडकं वर चढवणार?"

सासरे शांतपणे म्हणाले, "त्या फडक्यावरच तुमची गुरं जिती घरी येत्याल, नानासाहेब. गोळीला पाटलाचा बैल वळखू येत न्हाई."

निघोज्याच्या वरच्या अंगाला तो माळ. चीनच्या लढाईनंतर लष्करानं घेतला, मातीचा उंच बांध घातला आणि जवानांना नेमबाजी शिकवायला चांदमारी केली. गोळीबाराच्या दिवशी फाटकाजवळच्या खांबावर लाल निशाण चढवायचं, संध्याकाळी पाचला उतरवून "माळ सुटला गं" अशी हाळी द्यायची. निशाण खाली असलं की माळ गुराख्यांचा. खांब रिकामा दिसला, तर जवानांनीही गोळी झाडायची नाही. हे काम आधी सासऱ्यांनी केलं, मग नवऱ्यानं, आणि तो गेल्यावर गिरजाबाईनं. शाळेत ती दोनच यत्ता टिकली, पण वाऱ्यानं फाटलेलं निशाण असं शिवायची की टाका शोधून सापडू नये.

आता कंपन्या माळाच्या कुंपणाला येऊन टेकल्या. जवान फक्त शुक्रवारी येतात. फाटकाकडची जागा उद्धवराव नावाच्या ठेकेदाराकडं गेली. तिथं कंपन्यांचे वॉचमन कवायत शिकतात, पोलीस भरतीच्या पोरी धावतात, आणि सुट्टीच्या दिवशी मारुंजीहून आयटीतली मंडळी चिखलात लोळायला येतात, तीही पैसे भरून. शेजारची गोजाबाई म्हणाली होती, आमच्या म्हशी बापड्या फुकटात लोळतात.

उद्धवरावाला गुरांची कटकट नको होती. त्यानं निशाण रोजच वर ठेवायला लावलं. गिरजाबाई संध्याकाळी उतरवायची, सकाळी बघावं तर पुन्हा वर. तिनं फाटकावरच्या वॉचमनला सांगितलं, जवानांना घेऊन येणाऱ्या सुभेदारांना सांगितलं, ग्रामपंचायतीत दोनदा जाऊन बसली. सगळ्यांचं एकच, मावशी, वर असलं म्हणून बिघडलं कुठं? तिचं डोकं भणभणायचं. कंपनीचा भोंगा दिवसभर वाजत राहिला तर शिफ्ट सुटली कधी, हे कळायचं कसं, एवढंही या शिकलेल्यांना समजत नव्हतं.

महिन्याभरात गाव निशाणाकडं बघेनासं झालं. गोजाबाई तर तोंडावर म्हणाली, "रोजच लाल हाय. मग शेरडं रोज उपाशी ठिवू व्हय?"

एका शुक्रवारी दहाला गोळीबार सुरू व्हायचा होता. पाच मिनिटं उरली असताना गिरजाबाईला बांधामागं पांढरे ठिपके हलताना दिसले. शेरडं होती, आणि मागं गोजाबाईचं हिरवं लुगडं. बांधावरून हुकलेली गोळी तिथंच जायची. चढावर धावायचं वय राहिलं नव्हतं. वर जवानांकडं फोन कर, असं तिनं वॉचमनला विनवलं. तो म्हणाला, आधी ठेकेदार साहेबांना विचारतो. तो विचारत राहिला. गिरजाबाईनं दोरी सोडली आणि निशाण सरसर खाली ओढलं.

वर जवान बंदुका रोखून पालथे पडले होते. खांब रिकामा दिसला तशी शिट्टी झाली आणि सगळे उठून उभे राहिले. सुभेदार तणतणत खाली आले, कुणाला विचारून उतरवलं म्हणून.

"बांधामागं बाईमाणूस हाय, साहेब," गिरजाबाई म्हणाली. "आदी तिला खाली आना. मग मला काय बोलायचं ते बोला."

गोजाबाई आली ती पांढरीफटक पडलेली. पाणी प्यायली आणि गिरजाबाईचा हात धरून बसून राहिली.

उद्धवरावानं मात्र अर्ज केला, म्हातारी मनाला येईल तेव्हा निशाण ओढते. पंधरा दिवसांत लष्कराच्या कचेरीतून निरोप आला. पुढच्या आठवड्यापासून गोळीबाराआधी भोंगा वाजेल, फोनवर मेसेज जाईल, निशाण बंद. सुभेदारांनी हे मान खाली घालून सांगितलं. गोजाबाईकडं फोन कुठं हाय, असं गिरजाबाईनं विचारलं.

शेवटच्या शुक्रवारी पाचला ती नेहमीसारखी खांबापाशी गेली. निशाण उतरवलं, झटकलं. एक कड उसवली होती. दगडावर बसून तिनं पदराला खोचलेली सुई काढली, चार टाके घातले, चौपदरी घडी करून फाटकाच्या खोलीत फळीवर ठेवली. मग माळाकडं तोंड करून हाळी दिली, "माळ सुटला गं!"

कुंपणापाशी बसून राहिलेली गोजाबाई उठली, आणि तिनं शेरडं सोडली.