हरिदासभाऊंच्या आठ ओळी

हरिदासभाऊ खोब्रागडे दिसले की आमच्या मंडपामागे एकच वाक्य फिरायचं, "आला बुढा." राहणार सावली गावचे. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची नोकरी केली, आणि चोवीस वर्षं चंद्रपूरच्या एका दैनिकात दर गुरुवारी झाडीपट्टीतल्या नाटकांवर परीक्षण लिहिलं. आयोजकांचा चहा घेत नसत. तिकीट काढून खाली अंथरलेल्या भाताच्या तणसावर बसत, आणि एकच नाटक दोन गावांत दोनदा पाहिल्याशिवाय ओळ लिहीत नसत. मी ऑर्गन वाजवतो. माझ्याबद्दल त्यांनी एकदा लिहिलं, 'ऑर्गनवाला नटाचं ऐकत नाही, स्वतःचंच ऐकतो.' ते खरं होतं. म्हणूनच मी त्यांना पुन्हा कधी नमस्कार केला नाही.

आमच्या कंपनीतल्या नीलाबाईंचा राग त्याहून जुना. उमेदीच्या काळात त्यांच्याबद्दल हरिदासभाऊंनी लिहिलं होतं, 'दिसतात छान, बोलतात पाठ.' बाई सोळा वर्षं त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

मग वडशाचा प्रफुल उगवला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि फोनवर चॅनेल. रंगपटात घुसायचा, हिरोच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचा, पहिला अंक बघायचा आणि मोटरसायकलला किक मारून दुसऱ्या गावच्या नाटकाला. सकाळी तीन मिनिटांचा व्हिडिओ. "फुल फॅमिली ड्रामा, साडेचार स्टार!" आमचे मालक लटारूभाऊ त्याला पुढची खुर्ची द्यायचे. याच्यामुळे बुकिंग येते, म्हणायचे.

मागच्या हंगामात नीलाबाई एका सासूचं काम करत होत्या. पहिल्या अंकात तिची जीभ अडखळते, शब्द सुटतात. तिला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय आणि ती घरात लपवतेय, हे दुसऱ्या अंकात उघड होतं. प्रफुल दुसऱ्या अंकाला थांबलाच नाही. त्यानं व्हिडिओत बाईंची नक्कल केली. "आजीबाई ड-ड-डायलॉग विसरल्या! आता नातवंडं सांभाळा. एक स्टार." साठ हजार लोकांनी पाहिलं. आमचं नाटक ठरवलेल्या दोन गावांच्या मंडळांनी लटारूभाऊंना फोन केला, बाई बदला.

बाईंनी मला गाडी काढायला लावली आणि थेट सावली गाठली.

"हरिदासभाऊ, तुमी लिवा. खरं काय ते लिवा."

"मी नाटक पाह्यलं नाई."

"मी सांगून राह्यली ना तुमाले!"

"तुमच्या सांगण्यावर लिवलं तं मी अन् तो पोट्टा सारखाच."

माणसानं दारातच उभं ठेवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. पण पुढच्या दोन प्रयोगांना ते तणसावर बसलेले मला दिसले. अकरा दिवस आम्ही पेपर उलगडून बघत होतो.

अखेर एका गुरुवारी, साड्यांच्या जाहिरातीशेजारी, आठ ओळी आल्या. सहा ओळींत नाटकाची गोष्ट, आणि शेवटच्या दोन अशा: 'तिसऱ्या अंकात नीलाबाई प्रेक्षकांकडून रडू मागून घेतात. तिथे भूमिका संपते आणि भीक सुरू होते.'

प्रफुलनं कात्रणाचा फोटो टाकला, "पेपरवालेबी तेच म्हंतात!" संध्याकाळपर्यंत लटारूभाऊंनी सासू दुसरीला दिली. बाई सामान बांधताना म्हणाल्या, "त्या पोट्ट्यानं चिडवलं. यानं मारलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी हरिदासभाऊ प्रफुलच्या दुकानावर आले. आमच्या कंपनीचं ऑफिस समोरच, त्यामुळे मी सगळं पाहिलं. त्यांनी पिशवीतून हातानं लिहिलेली चार पानं काढली.

"उभा राय. आयक."

भर रस्त्यात ते मोठ्यानं वाचू लागले. 'पहिल्या अंकातली अडखळ हे या रंगभूमीवर मी पाहिलेलं सर्वांत धाडसी काम आहे. जो मध्येच उठून गेला, त्यानं नीलाबाईंना पाहिलंच नाही.' अशी तीन पानं होती. शेवटच्या पानावर ती भिकेची दोन वाक्यं. जागा नाही म्हणून पेपरवाल्यांनी कौतुकाची पानंच्या पानं उडवली होती आणि गोष्टीखाली नेमकं तेवढंच ठेवलं होतं.

प्रफुलनं फोन उचलूनच धरला होता. म्हणाला, "काका, चुकलो मी. पण तुमी अकरा दिवस काऊन लावले? तवर गावायनं बाई नको म्हनून टाकलं. अन् छापून आलं तं माह्याच बाजूचं."

"मी काय लिवलं ते तुले आता समजलं ना?"

"मले समजून का फायदा? लोकायनं आठ ओळी वाचल्या."

हरिदासभाऊंचा चेहरा काळवंडला. पानं पिशवीत कोंबून ते निघून गेले. रात्री व्हिडिओ आला, 'पेपरवाले काका भडकले'. त्यात 'उभा राय, आयक' एवढंच, पाचदा, आणि मागे गाढवाचा आवाज. मी तो तिघांना पाठवला. खोटं कशाला बोलू?

हरिदासभाऊंनी सदर बंद करत असल्याचं पत्र दैनिकाला दिलं. तेही छापलं गेलं नाही.

यंदा नीलाबाई एका लहान कंपनीत आहेत, मीही त्यांच्याच बरोबर. त्या चार पानांचं मी त्यांना कधी सांगितलं नाही. पहिल्या प्रयोगाला हरिदासभाऊ तिकीट काढून आले, घोंगडी अंथरून बसले. बाईंनी पडद्याच्या फटीतून पाहिलं.

"तो बुढा उठल्याबिगर मी स्टेजवर येत नाई."

व्यवस्थापक खाली गेला आणि त्यांच्या कानाशी वाकला. हरिदासभाऊंनी वाद घातला नाही. घोंगडी झटकली, घडी केली. जाताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि नांदीचा सूर धरला.