डोळा शेवटी

मे महिना, १९९७. स्थळ : रोह्याला मामांचं स्वयंपाकघर. हजर : मामा, मामी, मी आणि खिडकीत डोळा नसलेला एक काचेचा मोर.

पेणहून रोह्याला निघा, वाटेत प्रत्येक स्टेशनावर उतरून चौकशी करा. माझ्या मामांइतका हट्टी माणूस सापडायचा नाही. उभा जन्म त्यांनी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवले. सगळं अंग रंगून झालं की डोळे शेवटी, हा तिथला नेम मामांनी घरीही लागू केला होता. महत्त्वाचं ते शेवटी. त्यामुळे आमटीत मीठ शेवटी आणि पाकिटावर पत्ता शेवटी, तोही बऱ्याचदा पाकीट पेटीत टाकल्यावर आठवायचा. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर म्हणे त्यांनी आधी सगळं वऱ्हाड पाहून घेतलं आणि मग मामीकडे पाहिलं.

मामीच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा मीच दोघांना पेणच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेलीही कडेकडेनं कमी होत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी त्यातला एकच शब्द धरला. "काचेचा आजार हाय ना? मग काचेनंच धरू त्याला. असे भडक रंग लावतो खिडकीला, की हिला दिसलेच पायजेत!"

नागोठण्याला एका कंपनीच्या वसाहतीत एक बाई रंगीत काचकाम शिकवायच्या. बायकांच्या त्या वर्गात मामा एसटीनं जाऊन बसू लागले. "गणपतीचे डोळे उघडलेला हात हाय हा, काच फुटायची नाय," असं सांगून त्यांनी पहिल्याच दिवशी बाईंची काच फोडली. मग घरी सराव सुरू झाला. जमीनभर चुरा पसरला, घरात चपला सक्तीच्या झाल्या. "आता देवांनाही वहाणा घ्या," मामी म्हणाली. रंगीत काचेसाठी मामा शेजाऱ्यांच्या औषधाच्या बाटल्या मागत फिरले.

"खोकला गेला ना? मग द्या बाटली."

"गेला नाय हो अजून."

"मग औषध वाटीत काढून ठेवा."

बाटलीची काच गोलाकार, त्यामुळे पहिल्या मोराचं पोट फुगलं. मामी जवळ जाऊन हात फिरवत म्हणाली, "अहो, याला दिवस गेलेत." शेवटी पेणच्या फ्रेमवाल्याकडून मी सपाट रंगीत काचा आणल्या. गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या, तर कंडक्टरनं बाळाचं वय विचारलं.

तर त्या मे महिन्यात मोर पूर्वेच्या खिडकीत बसला. भात हिरवा दिसू लागला. "ताक गुलाबी का गो?" मामांनी विचारलं. "तुमच्या मोराला विचारा!" डोळ्याची जागा अर्थातच मोकळी होती. निळी काच घासून तयार, ती शिशानं सांधायला डाग द्यायची इस्त्री तापलेली. मामा स्टुलावर चढले.

"थांबा," मामी म्हणाली. सुपात तांदूळ घेऊन ती खाली पाटावर बसली होती. डोळ्याच्या भोकातून एक पांढरा कवडसा सुपात पडला होता. "रंगांत मला काय्येक कळत नाय. पण एवढ्यात खडा दिसतोय."

मामांनी निळी काच खिशात टाकली. इस्त्री थंड झाली. मग खाली उतरून त्यांनी मामीचा पाट, कवडसा सरकला होता तेवढा, सरकवला.

पुढे रोज सकाळी हेच त्यांचं काम झालं. कवडसा हलला की पाट हलायचा. काही वर्षांनी मामीला तेवढंही दिसेनासं झालं, तांदूळ वाण्याकडूनच निवडून येऊ लागले. तरी मामा पाट सरकवतच राहिले आणि मामी, "आलं हं ऊन," म्हणत हात पुढे करायची.

आता दोघंही नाहीत. खिडकी मी पेणला आणून बसवली, बिजागऱ्यांना तेल घातलं, चौकट रंगवली. निळी काच कपाटात आहे, डाग देणारा माणूसही माहितीतला आहे. डोळा तेवढा बसवायचा राहिलाय.