मरावं तर माइकखाली

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा उरलेल्या समस्त जनतेस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की आमच्या गावच्या मंडईत मरण्याचा माझा हक्क यंदा धोक्यात आला होता. कृपया टोप्या काढून उभे राहावे. बसलात तरी चालेल, गोष्ट जरा लांब आहे.

मंडई म्हणजे दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव भरणारी जत्रा. दिवसा पाहुणे, पाळणे आणि जिलेबी, रात्री नाटक. गोंदिया जिल्ह्याच्या आमच्या टोकाला मंडईच्या रात्री नाटक झालं नाही तर पाहुणे रुसतात आणि ठरत आलेल्या सोयरिकी फिसकटतात. मी शाळेत भूगोल शिकवतो. पण त्या एका रात्री मी खलनायक असतो. नाटक दरवर्षी बदलतं, मी बदलत नाही. कधी सरदार, कधी सावकार, कधी ठेकेदार होऊन लोकांना पोटभर छळतो आणि शेवटी नायकाच्या हातून मरतो. हे मरण पाहायला लोक चटया-चादरी घेऊन येतात. मी पटकन मरत नाही. आधी डगमगतो, मग खांबाला धरतो, मग वर पाहत आयुष्यभराची पापं एकेक करून सांगतो, आणि बायाबापड्यांचे डोळे ओले झाल्याशिवाय प्राण सोडत नाही. एकदा तर मला मारून झाल्यावर वाट पाहून पाहून नायकच तलवार टेकून खाली बसला होता.

या मरणाला एक शिस्त आहे. आमच्या रंगमंचावर माइक वरून तारेने लोंबत असतात. ज्याला बोलायचं त्याने माइकखाली यायचं. तलवार कुठल्याही कोपऱ्यात लागो, माणसाने पोट धरून मधल्या माइकखाली पोहोचायचं आणि मगच पडायचं. बाजूला मेलात तर शेवटचे शब्द फक्त पेटीवाल्याला ऐकू जातात. हे माझ्या पायांत इतकं भिनलंय की घरात ठेच लागली तरी मी आधी वर पाहतो.

तर यंदा पावसाळ्यात मला न्यूमोनिया झाला आणि डाव्या फुफ्फुसाभोवती पाणी साचलं. जावं तिकडे तलाव असलेल्या आमच्या जिल्ह्यात आणखी एक माझ्या छातीत तयार झाला. गोंदियाला दवाखान्यात सुई टोचून ते पाणी काढलं. डॉक्टरांनी बाटली वर धरून दाखवली. म्हणाले, "देखिए सर, कितना था."

मी म्हटलं, "एवढ्या पाण्यात एका बांधीतली धानाची रोवणी निघाली असती."

डॉक्टर हसले नाहीत. बायकोही हसली नाही, आणि त्यानंतर बरेच दिवस हसली नाही.

घरी आल्यावर पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला पाहायला रिकाम्या हाताने कोणी येत नाही. बिस्किटाचा एक पुडा आणतात, आणि याच रोगाने गेलेल्या एखाद्या नातेवाइकाची हकिकत आणतात. पुडे बायकोने डब्यात भरले. हकिकती मी निमूटपणे ऐकल्या आणि कोण किती चांगला मेला ते मनात ठरवत गेलो. धंद्याची सवय.

पुडा न घेता फक्त एकच जण आला, आमच्या नाटकाचा दिग्दर्शक. त्याचं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे आणि तो माझ्याबरोबर बालवाडीपासून आहे. त्याने मला नाटकाच्या वाचनाला बोलावलं. मी गेलो, रुबाबात मरणाचं भाषण सुरू केलं, आणि पहिल्या पापापाशीच खोकल्याची अशी उबळ आली की दुसऱ्या पापाला हात लावता आला नाही. आमचा प्रॉम्प्टर गावातला शिंपी आहे. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत बसून नटाच्या आधी प्रत्येक वाक्य वाचणारा माणूस. त्याने तेच वाक्य तीनदा वाचलं, मग वही मिटून माझ्यासाठी पाणी आणलं.

"अबे, तू स्टेजवर खराच मेला तं?" दिग्दर्शक म्हणाला.

"मग काय. लोक म्हणतील, यंदा गुरुजींनी कमाल केली."

"लोक म्हनतीन. पन पडदा कोन पाडन? सारे तुले उचलाले धावतीन. शेवटचं गानं रायते ना."

बालमित्राची चिंता ही होती. माझं मरण त्याने गावातल्या मेडिकलवाल्याला दिलं. माझ्या गोळ्या मी त्याच्याच दुकानातून घेत होतो. म्हणजे मला जगवायचं आणि माझ्याऐवजी मरायचं, दोन्ही कामं एकाच माणसाकडे गेली. तो दुकानात गिऱ्हाईक नसलं की पाठांतर करायचा. "हे धरणीमाते, मला पोटात घे" हे वाक्य तो "जेवणानंतर एक गोळी" याच सुरात म्हणायचा. आणि पडायचा कसा, तर दिवा गेल्यासारखा. आत्ता होता, आता नाही. असं मरण पाहायला कोणी चादर आणत नाही.

अशा वेळी चहाच्या टपरीवर मला ती जाहिरात दिसली. नवेगाव बांधच्या तलावावर तिहेरी शर्यत: थोडं पोहणं, मग सायकल, मग धावणं. हौशी लोकांसाठी छोटा गट. मी तिथेच चहा खाली ठेवला, मंडपवाल्याच्या दुकानात गेलो आणि छाती पुढे काढून म्हणालो, "ही शर्यत पूर्ण केली तर?"

त्याने जाहिरात दोनदा वाचली. "पूर्न करशीन, अन् वरून तोंडातून भाषन काढशीन, तं पार्ट तुया. नाही तं मेडिकलवाला."

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी छाती ऐकली, फोटो पाहिला, म्हणाले, "रेस मत कीजिए, घूम के आइए. साँस फूले तो रुक जाना." बायकोला विचारलं नाही, सांगितलं. त्या दिवशी वरणाची फोडणी काळी पडली.

पुढचे दिवस मी गावच्या तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत, मग लुटूलुटू पळत काढले. मागून बायको गरम पाण्याचा थर्मास घेऊन यायची, दहा पावलांचं अंतर राखून, मी तिचा कोणीच नाही अशा चेहऱ्याने. प्रॉम्प्टरने स्वतःहून माझी तयारी हाती घेतली. त्याचं म्हणणं, श्वास हासुद्धा एक संवाद आहे, वेळेवर दिला पाहिजे. तो शेजारून मोपेड चालवत म्हणायचा, "घ्या... सोडा... घ्या." आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तो नेहमी अर्धा क्षण आधी म्हणायचा, त्यामुळे मी त्याच्या मागे मागे श्वास घ्यायला शिकलो.

शर्यतीच्या सकाळी तलावावर धुकं होतं. नागपूरकडची मंडळी अंगाला चिकटलेल्या काळ्या कपड्यांत हातपाय झटकत होती. माझ्या अंगावर शाळेच्या क्रीडा संमेलनाचा बनियन, आणि बायकोच्या हुकमावरून पाण्यात उतरेपर्यंत कानटोपी. सायकल शेजारच्या मुलीची, पुढे टोपली असलेली. टोपलीत पेजेचा डबा. एका नागपूरकराने माझ्या सायकलकडे पाहून आदराने विचारलं, "काका, स्वयंसेवक आहात का?"

मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आमचं अर्धं गाव उतरलं. मी शर्यत जिंकीन म्हणून कोणी आलेलं नव्हतं. मेडिकलवालाही आला होता, खिशात माझ्या गोळ्या घेऊन. माणूस वाईट नाही, मरता येत नाही एवढंच.

पोहणाऱ्यांच्या सोबतीला मासेमारी करणाऱ्या धीवर लोकांचे डोंगे, म्हणजे छोट्या होड्या, ठेवले होते. माझ्या शेजारच्या डोंग्यात आमचा प्रॉम्प्टर आधीच मांडी घालून बसला होता. मी पाण्यात उतरलो आणि त्याने सुरुवात केली, "घ्या... सोडा..." एक बाई सोडली तर सगळे पुढे निघून गेले. पाण्यातल्या वेली पायांना लागत होत्या आणि छातीत डावीकडे कोणीतरी बारीक चिमटा काढत होतं. डोंगेवाला वल्हं थांबवून माझ्याकडे वाकला.

"बसता का गुर्जी डोंग्यात? तिकडं धुकं हाय, कोनी पायत नाही."

"माझी बायको पाळीवर उभी आहे."

त्याने पाळीकडे पाहिलं. "मंग पोहा," म्हणाला.

पोहलो. बाहेर आलो तेव्हा टॉवेल, कानटोपी आणि बायको तयार होती. तिने माझी पाठ पुसता पुसता हळूच छातीला कान लावला. लोकांना वाटलं प्रेम. ती घरघर ऐकत होती.

सायकलची वाट जंगलातून होती. तिथे मला एका म्हाताऱ्या आजीने मागे टाकलं. डोक्यावर काड्यांची मोळी घेऊन ती पायी चालली होती. शर्यतीत नव्हती म्हणून मी ते मोजत नाही. चढावर मी उतरून सायकल ढकलली, टोपलीतली पेज प्यालो, माकडांनी डबा मागितला तो दिला नाही. मागून मोपेडवरचा प्रॉम्प्टर पुढचा मजकूर वाचत होता, "समोर उतार येऊन राहिला... समोर गड्डा येऊन राहिला..." खड्डा मात्र त्याने या एकाच वेळी उशिरा सांगितला.

धावणं राहिलं होतं. पाळीवरून तलावाला वळसा. मी थोडा पळायचो, थोडा चालायचो, थांबून छातीची समजूत काढायचो. डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं, आणि मी ते अगदी मनापासून पाळलं, कारण पर्याय नव्हता. नागपूरची मंडळी केव्हाच पोहोचून पोहे खात बसली होती. शेवटच्या वळणावर शर्यत संपायची कमान दिसली, झेंडूच्या माळा लावलेली आणि खाली चुन्याची रेघ मारलेली. तिच्या अलीकडे निवेदकाचं टेबल होतं. स्पीकरची वायर कमानीपर्यंत पुरली नव्हती, म्हणून संयोजकांनी वाटेवर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये माइक वरून लोंबत सोडला होता.

माझी चूक झाली ती इथे. आणि ती चूक आमच्या भागाबाहेरच्या माणसाकडून होणं शक्य नाही.

डोळ्यांपुढे अंधारी, समोर बसलेलं आपलं गाव, आणि वरून तारेने लोंबणारा माइक. मेंदूने काही ठरवायच्या आत पायांनी ठरवलं. मी पोट धरलं, दोन पावलं डगमगलो, बांबूला हात लावला आणि बरोबर माइकखाली पडलो.

नागपूरचे स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन धावले. आमच्या गावकऱ्यांनी त्यांना वाटेतच अडवलं.

"थांबा जी," पुढे बसलेली एक काकू म्हणाली. "आता बोलन तो."

"अहो, ते बेशुद्ध आहेत."

"तुम्ही नवे आहा. खाली बसा, मागच्यांले दिसत नाही."

खरं सांगतो, त्या क्षणी मी बोलू शकेन की नाही ते मला ठाऊक नव्हतं. पाठीखाली मुरूम टोचत होता आणि छातीचा भाता पार फाटल्यासारखा वाटत होता. मग डाव्या कानाशी मोपेड बंद झाली आणि ओळखीचा आवाज आला, अर्धा क्षण आधी. "घ्या..." मी श्वास घेतला. तो आत गेला, खोल गेला, कुठेही अडकला नाही. "हे धरणीमाते..." प्रॉम्प्टर म्हणाला.

आणि मी सुरू झालो. पहिलं पाप म्हटलं, दुसरं म्हटलं. उबळ येईल येईल म्हणून मी वाट पाहिली, ती आली नाही. मग मला मजा यायला लागली. मी कोपरावर उठलो. यंदाच्या नाटकातली पापं संपल्यावर मागच्या वर्षीच्या सावकाराची दोन पापं जोडून घेतली. माझ्यामागून येणारी शर्यतीतली ती एकटी बाई माझ्यापाशी थांबून ऐकत राहिली, तिने स्वतःचा नंबर घालवला. ट्रॉलीतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. स्ट्रेचरवाले स्ट्रेचरवर बसले. शेवटचा शब्द मी असा लांबवला की तलावातले पक्षी उडाले, आणि मग मान टाकली.

टाळ्या. काय टाळ्या. मिटल्या डोळ्यांनी ऐकायला टाळ्या फार छान लागतात. मेडिकलवाल्याने सुटकेचा निःश्वास सोडलेला मला स्पष्ट ऐकू आला. दिग्दर्शकाने नाक शिंकरलं आणि त्याला म्हणाला, "तू दुकानच पाह बाप्पा." कोणीतरी वन्स मोअर दिला. मला घाई नव्हती. मी तसाच पडून राहिलो, तोंडावर ऊन घेत, पावसाळ्यापासून पहिल्यांदाच पूर्ण मेलेला आणि पूर्ण बरा.

मग टाळ्यांमधून ओळखीच्या चपला जवळ आल्या. मी एक डोळा किलकिला केला. बायको थर्मास घेऊन माझ्या डोक्याशी उभी होती. तिने झेंडूच्या कमानीकडे पाहिलं, खाली माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कमानीकडे पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला. अख्ख्या पावसाळ्यात हलला नव्हता. आणि आपण माइकखाली उभ्या आहोत हे तिच्या लक्षातच आलं नाही, त्यामुळे पुढचं वाक्य साऱ्या तलावाने ऐकलं.

"मरून झालं असन तं उठा जी आता, रेघ समोर हाय अजून."