मांजरीचं घुंगरू

नवऱ्याच्या घरातून मी निसटले ती अंगावरच्या कपड्यांनिशी. माझी मांजरी मागंच राहिली. भांडणाच्या आवाजानं ती माळ्यावर दडली होती आणि तिला विनवत बसायला मला वेळ नव्हता.

कासारवाडीला बहिणीकडे आले आणि फोन सुरू झाले. चाकणच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून नवरा निगडीच्या घरी पोचला की फोन लावायचा. बोलायचा मात्र नाही. नुसतं मांजरीच्या गळ्यातलं घुंगरू वाजायचं. आधी भरभर, मग थांबून थांबून. तो तिला छळतोय, हे मला ऐकू यायचं.

मी घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकारी बाईंना भेटले. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "मुलं असती तर ताबा मागता आला असता. मांजराचं या कायद्यात काही नाही हो. प्राण्यांच्या छळाचा कायदा वेगळा, त्याला पुरावा लागतो." मला संताप आला. कायदा माझ्यासाठी होता, मांजरीसाठीही होता, आणि दोन्हींच्या मध्ये बरोबर नवऱ्याचा हात शिरेल एवढी फट होती.

एका दुपारी घुंगरू एकदाच वाजलं. पुढं काहीच नाही. मी बहिणीनं दिलेले कपडे बॅगेत भरले. मार खाईन, पण तिला मरू देणार नाही, असं म्हणाले. बहीण रडायला लागली.

तेवढ्यात दारात निगडीच्या खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या. मूळच्या मावळातल्या. हातात तोंड बांधलेलं पोतं. सोडलं तर आत माझी मांजरी, गळा मोकळा.

"तू गेलीस त्याच सांजंला माझ्याकडं आली. गळ्यातलं त्यानंच तोडून घेतलं व्हतं. तुजा पत्ता घावना, आज घावला."

"पण पोत्यात कशाला, काकू?"

"मांजराला वाट दिसू द्यायची न्हाई. परत त्याच घरी जातंय." बोलता बोलता त्यांची नजर माझ्या बॅगेवर गेली.

फोन वाजला. पलीकडं घुंगरू वाजत होतं आणि मांजरी माझ्या मांडीवर होती. तिनं कान पाडले आणि ती पलंगाखाली शिरली.

"मांजरी माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

घुंगरू थांबलं. मग पलीकडून, अगदी हळू, माणसाच्या गळ्यातून आवाज आला, "म्याव."

मी फोन ठेवला, बॅग उघडली आणि एकेक कपडा परत कपाटात लावला.