आप्पांचं फिरणं, माझं फिरणं

नामपूरच्या स्टँडवर बस लागली होती आणि आप्पा माझी पिशवी खिडकीतून आत ढकलून जागा धरत होते. मी आयटीआय करून नाशिकला निघालो होतो, तिथल्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून. माय घरीच थांबली होती. स्टँडवर आले तर रडेन, म्हणाली.

आप्पा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. घरात अहिराणी आणि शाळेत शुद्ध मराठी अशा दोन भाषा ते आयुष्यभर वेगवेगळ्या सांभाळत आले. त्या दिवशी ते आधी शाळेच्या भाषेत बोलले, "प्रगती कर. नाव काढ." मी मान हलवली. बस सुटली तेव्हा मात्र ते खिडकीबरोबर चार पावलं पळाले आणि ओरडले, "बापू, जेवण येळवर करजो!"

पहिलं वाक्य गुरुजींचं होतं, दुसरं बापाचं. नामपूर सोडून नाशकात, पुण्यात, कुठे कुठे गेलेल्या माझ्या वर्गमित्रांनो, आणि तिथेच राहिलेल्यांनो, तुम्हाला खरं सांगतो, मी पहिलं वाक्य पाळलं आणि दुसरं विसरलो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचंही तसंच झालं असावं, म्हणून हे लिहायला घेतलं.

सुरुवातीला मी पंचवटीत कॉट बेसिसवर राहायचो. भाजी मार्केटजवळची गल्ली, एका खोलीत पाच जण. जवळ गाडी नव्हती, त्यामुळे बसस्टॉपपर्यंत पायी, मार्केटमधून पायी, रविवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पायी. भूक सडकून लागायची, झोप पडल्या पडल्या लागायची. तब्येत नावाची काही वस्तू असते आणि तिच्याकडे बघावं लागतं, हे तेव्हा माहीतच नव्हतं.

मग एकेक ध्येय ठरत गेलं. परमनंट व्हायचं. झालो. लग्न झालं, मनीषा आली. सिडकोत फ्लॅट घ्यायचा होता, तो घेतला. बाईक, मग कार, मग क्वालिटी विभागात बढती. प्रत्येक वेळी मी नामपूरला फोन करायचो आणि आप्पा म्हणायचे, "शाब्बास!" तो एक शब्द ऐकला की मला पुढच्या ध्येयापर्यंतचं इंधन मिळायचं. मधल्या काळात शिफ्टप्रमाणे जेवणाच्या वेळा बदलत गेल्या. सकाळी गेटबाहेर मिसळ, कँटीनचा गोड चहा, ओव्हरटाइम असला की वडे. पट्ट्याला नवीन भोकं पाडून घेतली. दर नवीन वर्षाला मी पहाटे उठायचं ठरवायचो आणि संक्रांतीपर्यंत तिळगुळासोबत तेही संपायचं.

माय गेली त्यानंतर आप्पा नामपूरला एकटे राहू लागले. नाशिकला चला म्हटलं की म्हणायचे, "बघू." त्यांना साखरेचा त्रास फार वर्षांपासून होता. माय होती तोवर ती त्यांना रोज संध्याकाळी मोसम नदीच्या पुलापर्यंत फिरायला न्यायची. आता ती नाही म्हणून मी रोज संध्याकाळी फोन करून विचारायला लागलो, "आप्पा, फिरून आलात का?"

"आत्ताच आलो," ते म्हणायचे.

त्यानंतर कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझीही साखर सापडली. ते मी आप्पांना त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. मग ते गुरुजींच्या आवाजात म्हणाले, "काळजी करायची नाही. रोज चालायचं. दोघं चालू. तू तिकडे, मी इकडे."

आणि आमचं चालणं सुरू झालं. म्हणजे पहिले काही दिवस मी खरंच चाललो. आमच्या सोसायटीसमोर मैदान आहे, त्याभोवती छान जॉगिंग ट्रॅक आहे. मग पावसाळा आला, मग ऑडिट आलं, मग पाहुणे आले. पण संध्याकाळचा फोन चुकत नव्हता. आप्पा विचारायचे, "ट्रॅकवर का?" आणि मी पार्किंगमध्ये उभ्या केलेल्या गाडीवर बसून म्हणायचो, "हो, तिसरी चक्कर." मधेच थोडा धापा टाकल्यासारखा श्वासही घ्यायचो. एकदा मनीषा शेजारी उभी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "अहो, कुठला ट्रॅक? तुमच्या हातात समोसा आहे!" मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, उगाच जिवाला घोर कशाला?

मागच्या थंडीत सटाण्याला एक लग्न होतं. दुपारीच आटोपलं, म्हणून मी न कळवता नामपूरला गेलो. घराला कुलूप होतं. ऊन कललं होतं, म्हटलं आप्पा पुलाकडे गेले असणार. त्या दिशेने निघालो. वाटेत बाजारपेठेतलं ते जुनं हॉटेल लागतं, जिथे गुळाची जिलेबी मिळते. आत सहज नजर गेली, तर कोपऱ्यातल्या टेबलापाशी आप्पा. पांढरा सदरा, डोक्याला मफलर, समोर भजी आणि जिलेबी.

मला काय सुचलं कोण जाणे, मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो आणि फोन लावला. आप्पांनी बोटं सदऱ्यालाच पुसली आणि फोन कानाला लावला.

"फिरताय का, आप्पा?"

"हो, पुलावर शे," आप्पा म्हणाले. "वारा लय शे इथं, आवाज येत नाही नीट." आणि त्यांनी तोंडाने फूऽऽ असा वाऱ्याचा आवाज काढला. "तू?"

"मी पण ट्रॅकवरच आहे," मी म्हणालो. सवयच झाली होती. रस्त्याच्या दोन बाजूंना उभे-बसलेले आम्ही बाप-लेक एकमेकांना अगदी प्रेमाने फसवत होतो.

मी फोन बंद केला आणि आत जाऊन त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जिलेबीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"काय बापू, कव्हय उना?"

"आत्ताच. ट्रॅकवरून सरळ इकडे."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. आप्पा हसत होते. मायच्या मागे मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. हसता हसता मी सगळं सांगून टाकलं, पार्किंग, समोसा, खोट्या धापा. ते डोळे पुसत म्हणाले, "खोटा तू बी, खोटा मी बी."

पैसे देऊन उठलो. मी त्यांना हात द्यायला वाकलो आणि माझी नजर त्यांच्या पायाकडे गेली. उजव्या पायातला मोजा बोटांपाशी तांबूस ओला झाला होता. "आप्पा, हे काय?"

त्यांनी पाहिलं आणि त्यांना माझ्याइतकंच आश्चर्य वाटलं. चप्पल काढली, तर तिचा खिळा तळातून वर आलेला. तो किती दिवस बोटात रुतत होता, देव जाणे.

"दुखतंय का?"

"काहीच दुखस नही," ते म्हणाले. मला धीर देण्यासाठी म्हणाले, पण मी जास्तच घाबरलो. कारण या बाबतीत तरी ते खरं बोलत होते.

त्याच संध्याकाळी त्यांना गाडीत घालून नाशिकला आणलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण फार नाही. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं, पाऊल वाचलं.

ऑपरेशननंतरच्या दुपारी मनीषा डबा आणायला घरी गेली होती आणि वॉर्डात आम्ही दोघंच होतो. आप्पा छताकडे बघत होते. मग आपणहून बोलायला लागले. तळवे कधीपासूनच बधिर झाले होते, कापसावर पाय ठेवल्यासारखे. पुलाकडे जाताना एकदा तोल जाऊन पडले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी उचललं, त्यात त्यांचे जुने विद्यार्थी होते. "गुरुजी पडले, गुरुजी पडले, असं लोक ओरडत होते. माले लाज वाटनी, बापू. मग जाणंच सोडलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू एवढा रोज चालस. तीन-तीन चकरा मारस. मी कसं सांगू, माझ्याच्यानं होत नाही म्हणून?"

ते ऐकून मला त्या खुर्चीवर बसवेना. उठून खिडकीपाशी गेलो. मी त्यांना काळजी नको म्हणून खोटं बोलतोय, अशी माझी समजूत होती. पण ते काही खरं नव्हतं. मला त्यांच्याकडून अजून 'शाब्बास' हवं होतं. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायचो, मग परमनंटचं लेटर, मग फ्लॅटची चावी, आणि आता चकरा. चालणंसुद्धा मी स्वतःच्या रक्तासाठी करत नव्हतो, आप्पांना दाखवण्यासाठी करत होतो. आणि दाखवायचंच असेल तर चालण्याची गरज काय, नुसतं सांगितलं तरी भागतं. इतक्या वर्षांत गाठलेल्या ध्येयांपैकी माझी स्वतःची कोणती, हे मी त्या खिडकीत उभा राहून शोधायला लागलो, आणि चटकन एकही आठवेना.

मागे वळून म्हणालो, "आप्पा, मी महिनोन् महिने चाललोच नाही. आणि मला भीती वाटते. तुमचा पाय बघितल्यापासून फार भीती वाटते."

त्यांनी हात पुढे केला. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, शाळेत नेताना धरायचे तसं. "मालेबी वाटस," एवढंच म्हणाले.

नंतर दोन-तीन महिने ते आमच्याकडे राहिले. मनीषाने माझ्यासाठी आणि त्यांच्यासाठी एकच ताट ठरवून टाकलं. ज्वारीची भाकरी, भाजी, वरण, भात थोडा. जेवायची वेळ ठरली आणि शिफ्ट काहीही असो, मी डबा त्या वेळेलाच उघडायला लागलो. जखम भरली तसे आप्पा मऊ तळव्याची नवी चप्पल घालून आधी गॅलरीत, मग मैदानावर माझा हात धरून चालले. थोडं चालायचे आणि बाकावर बसायचे. मीही बसायचो. मला आधी वाटायचं, अशाने माझ्या चकरा कशा पुऱ्या होणार? मग वाटणं बंद झालं.

मी त्यांना इथंच राहा म्हणून खूप विनवलं. ते म्हणाले, "इथं सगळं चांगलं शे. पन तठे मला रस्त्यावरून कुणी ना कुणी जयभीम घालतं. इथं मी नुसता तुझा बाप. तठे मी गुरुजी शे." नामपूरला त्यांना सोडायला गेलो तेव्हा आम्ही एकच गोष्ट ठरवली. फोनवर 'बरं आहे' म्हणायचं नाही. जे असेल ते सांगायचं. रोज रात्री तळपाय आरशात बघायचा आणि काय दिसलं तेही सांगायचं.

सोपं नाही हे. कधी मी सांगतो की आज कँटीनमध्ये गुलाबजाम होते आणि मी दोन खाल्ले. कधी ते सांगतात की आज मायची आठवण आली आणि उठावंसंच वाटलं नाही. 'शाब्बास' आता क्वचित ऐकू येतं. त्याऐवजी "हं" येतं, आणि त्या 'हं'मध्ये किती माया मावते, ते मला उशिरा कळलं.

परवा असाच थकून आलो होतो. फोन लावला.

"आज नही व्हयनं," आप्पा म्हणाले.

"माझंही नाही झालं."

मग ते म्हणाले, "चाल मंग."

मी फोन कानाला तसाच ठेवून जिना उतरलो. त्यांच्या बाजूला कडी वाजली. मी ट्रॅकवर आलो, ते रस्त्यावर. बोलत काहीच नव्हतो. माझ्या कानात नामपूर चालू होतं. कांद्याचे ट्रॅक्टर, कुणाचा तरी खोकला, पिठाची गिरणी, आप्पांच्या चपलेचा संथ आवाज. मी माझी पावलं त्या आवाजाशी जुळवून टाकत होतो. ट्रॅकवरची माणसं भराभर मला मागे टाकून जात होती.

"थांब जरा," ते म्हणाले. मी थांबलो. ते कुणाच्या तरी ओट्यावर बसले असावेत, मी बाकावर बसलो. तेवढ्यात तिकडून एका बाईचा आवाज आला, "जयभीम गुरुजी! फोनवर कोनशी बोली राहिनात?"

आप्पांना धाप लागली होती, खरीखुरी. तरी ते म्हणाले, "बापू शे. मनासंगे फिराले येल शे."