लाल पेटी आणि माझा साडू

माझ्या साडूइतका भित्रा माणूस उभ्या वाशिम जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि कोणी शोधायला निघालाच तर साडूच त्याला आधी म्हणेल, "सांभाळून जाजो बाप्पा, रस्ता खराब हाय." मानोऱ्यात त्याचं औषधांचं दुकान आहे. औषध विकणाऱ्यानेच औषधाला भ्यावं, हे मी त्याच्याकडे पाहिलं. तापाची साधी गोळी देतानाही तो गिऱ्हाइकाकडे अशा काळजीने बघतो की धडधाकट माणसालाही घाम फुटावा. तो कुत्र्याला भितो, मोटारसायकलवर मागे बसायला भितो आणि बायकोला भितो. ती माझ्या बायकोची थोरली बहीण असल्यामुळे या शेवटच्या बाबतीत मी त्याला हसत नाही.

एकदा तो अकोल्याला कसल्याशा प्रशिक्षणाला गेला. नशेची इंजेक्शनं घेणारे लोक एकच सुई आपसात फिरवतात आणि तिच्यातून कावीळ, एड्स एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातो, हे त्याने तिथे ऐकलं. परत आला तो जेवेचना. अशी माणसं आपल्याकडेही आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत मात्र कोणी नव्हतं. दुसऱ्या कोणी अशांना दुकानाची पायरी चढू दिली नसती. याने त्यांना कोऱ्या सुया द्यायला सुरुवात केली. नशेचं औषध मागितलं तर हात जोडायचा, पण सुई कोरी द्यायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून. "लोक दुकान फोडतील," मी म्हणालो. "फोडतीन," तो म्हणाला आणि पुढची सुई वर्तमानपत्रात गुंडाळू लागला. "पन साडूभाऊ, मले लोकायपेक्षा त्या सुईचं भेव जास्त वाटते."

वापरलेल्या सुया टाकायला त्याने गल्लीकडच्या भिंतीला पत्र्याची पेटी लावली. वर एक फट, आणि धोका कळावा म्हणून लाल रंग. कोणी उघडेल या भीतीने तिला कुलूप घातलं, आणि कुलूप तोडतील या भीतीने वर देवीचं चित्र चिकटवलं. इथेच तो फसला. रामनवमीला पोहरादेवीची गर्दी मानोऱ्यातून लोटली आणि दुपारपर्यंत पेटीला हळदकुंकू लागलं, कोणी तर समोर नारळही फोडला. यात्रेसाठी आलेला मी आणि साडू दुकानातून बघत होतो. देवीसमोरून भाविकांना उठवायचं कसं, याची त्याला भीती वाटत होती.

तेवढ्यात दानपेटी समजून एका म्हातारीने टाकलेली नोट फटीत अडकली आणि ती आत ढकलायला तिने बोटं घातली. साडू असा किंचाळला की माझ्या हातातली पिशवी पडली. "माय, हात काढ! आत सुया हायेत!"

गर्दी जागच्या जागी थांबली. "देवीच्या पेटीत सुया?" एक मिशाळ माणूस पुढे आला. "कोनाच्या?"

दुकानाच्या पायरीवर एक पिकअपवाला उभा होता, सुई घ्यायलाच आलेला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. साडूची नजर जरी त्याच्याकडे गेली असती, तरी लोकांनी त्याला तिथेच तुडवलं असतं. मी खूप घाबरलो होतो. साडू दाराची चौकट धरत बाहेर आला. "माह्या," तो म्हणाला. "मले साखर हाय. रोज इन्सुलिन टोचतो. चुकलं माह्यं." त्याने स्वतःचे कान धरले, चित्र काढून कपाळाला लावलं. लोक चुकचुकले. म्हातारीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गर्दी पुढे सरकली.

तेव्हापासून आमचा साडू साऱ्या मानोऱ्याचा मधुमेही आहे. पाकासारख्या चहाशिवाय ज्याचं पान हलत नसे, त्याला टपरीवाला न विचारता फिका चहा पाठवतो. लग्नात शेजारचा माणूस त्याच्या ताटातली जिलेबी मायेने उचलून घेतो. बायकोला खरं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून घरी कारल्याचा रस. मी पडलो अनसिंगचा, त्याला चोरून गोड चहा पाजायला रोज काय पुरणार! मानोऱ्यात खरं ठाऊक होतं ते एकट्या त्या पिकअपवाल्याला. सुई घ्यायला आला की तो दुकानामागे दोन ग्लास घेऊन यायचा. "घ्या भाऊ, साखर डबल हाय." दोघं उभ्याउभ्या प्यायचे. साडू प्रत्येक वेळी तेच म्हणायचा, "कोनाची वापरू नको बाप्पा. आन सोडाचं मनात आलं तं सांग, दवाखान्यात मी येतो संगं." तो मान हलवून निघून जायचा.

पोळ्यानंतर तो यायचा थांबला. त्याचा पिकअप आता दुसराच कोणी चालवतो.

परवा गेलो तेव्हा साडू फिका चहा हातात धरून रस्त्याकडे बघत बसला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

"सोडली असेल त्याने नशा," मी म्हणालो. "कुठेतरी बरा असेल."

"असन," तो म्हणाला.

"मग चौकशी तरी कर."

"कोनाची करू, आन कोन म्हून?" तो म्हणाला. "नाव बी त्याचं मी कधी इचारलं नाही, साडूभाऊ. वाटलं, इचारलं तं तो भिऊन जाईन, आन मंग येनार नाही."