पँजिया सर

"हळू! अरे हळू! वर्षाला नखाएवढं सरकायचं! खंड आहेस की विठ्ठलवाडीची शेअर रिक्षा?"

पँजिया सरांची ही आरोळी मांजर्लीतून निघून बदलापूर स्टेशनच्या पुलापर्यंत जात असे. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भूगोलाच्या शिकवणीला आलेली दहावीची पोरं दोन्ही बाजूंनी बाक ढकलत मध्ये येत होती. मधली फरशी म्हणजे समुद्र, आणि समुद्राच्या तळाशी सगळ्यांची दप्तरं. बाकांना बाक भिडले, दप्तरं चेंगरून वर उसळली आणि उल्हासनगरहून येणारा सिंधी पोरगा कळवळला, "सर, इसने मेरा डबा चपटा कर दिया!" सर टाळ्या पिटत म्हणाले, "डबा गेला, पर्वत झाला! हिमालय असाच झाला!"

त्याच खोलीत त्यांच्यानंतर माझी गणिताची बॅच असे. पहिली दहा मिनिटं मी हिमालय आवरत बसे.

नाव पोरांनीच पाडलं होतं. सगळे खंड जोडून झालेला तो प्रचंड पँजिया सरांच्या तोंडी दिवसातून शंभरदा येई; रविवारी दोनशेदा. "पृथ्वीवर एकदाच सगळं जुळलं होतं असं समजू नका," ते बजावत. "त्याच्याही आधी रोडिनिया होता. जुळलं, फुटलं, परत जुळलं. फुटणं हा नुसता मधला काळ." आणि समुद्र मिटतो कसा, हे सांगताना आवाज एकदम खाली आणत. "त्याला कोणी बुजवत नाही रे. त्याचा तळ म्हातारा होतो, थंड होतो, जड होतो आणि स्वतःच खाली बुडतो. किनारे मग आपोआप जवळ येतात."

हे सांगताना त्यांची नजर नकाशावर नसे, खिडकीबाहेर असे. खिडकीबाहेर गल्ली होती आणि गल्लीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ.

वडिलांच्या एका शेतावर दोघांची घरं. भाऊ अंबरनाथ एमआयडीसीत फिटर; सगळी आळी त्याला फिटरच म्हणे, सर तेवढे बाळ्या म्हणत. आमच्यासमोरच म्हणत, कारण भावाभावांत बोलणं नव्हतं. कशावरून, तर मधल्या गल्लीतल्या सांडपाण्याचा उतार कोणाकडे असावा यावरून! त्या उतारावरून दोघांनी असा अबोला धरला होता की आळीतली कुत्रीसुद्धा ती गल्ली टाळून जात.

आता आमच्याकडची रीत अशी, की दर दिवाळीला रंगाच्या निमित्तानं भिंत वीतभर पुढे सरकवायची. फिटरनं तर खुन्नसनं धडाका लावला. एका वर्षी मोरी पुढे आली, पुढच्या वर्षी ओटा, मग वर सज्जा. नगरपालिकेत तक्रार करा म्हणून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांच्या मागे लागल्या.

"अहो, तो आपली जागा खातोय!"

"खात नाहीये गं," सर हसले. "येतोय."

आणि त्या दिवाळीला या माणसानं स्वतःचा ओटा वीतभर पुढे नेला, तेही भावाच्या बाजूला! काकूंनी कपाळावर हात मारला. "हे समुद्र मिटेपर्यंत आपण असणार आहोत का?"

"खंड असतील," सर म्हणाले.

मग एका पावसाळ्यात उल्हास नदी मांजर्लीत शिरली. छातीभर पाणी. माझं कपाट पोहत थेट उल्हासनगरला निघालं होतं, मी त्याला शेपटीला धरून परत आणलं. आळीच्या आळी गच्चीवर; मी सरांच्या. तोवर दोघा भावांच्या गच्च्यांमध्ये हातभर फट उरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी स्टोव्ह पेटवला, दोन चमचे साखर घालून चहा केला आणि स्टीलचा ग्लास त्या फटीवरून पलीकडे धरला.

"बाळ्या, घे."

इतक्या वर्षांत पहिला शब्द. सगळ्या गच्च्यांनी माना वळवल्या; मी तर म्हणेन, नदीनंही क्षणभर वाहणं थांबवलं. फिटरनं ग्लासाकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. मग छत्री उघडली आणि डोक्यावर न धरता दोघांच्या मध्ये आडवी धरली.

सरांचा हात तसाच. पाऊस ग्लासात पडत राहिला, ग्लास काठोकाठ भरला, तेव्हा कुठे त्यांनी तो मागे घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला. "पाणचट झालाय," मला म्हणाले.

पुढच्या दिवाळीला फिटरनं उरलेली फटही बांधून घेतली. भिंतीला भिंत भिडली. सरांनी मला बॅचमधून उठवून नेलं, भिंतीवर तळहात ठेवला, कान लावला.

"मिटला समुद्र," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "टीव्हीचा आवाज येतोय फक्त."

त्यानंतर बाक ढकलणं बंद झालं. सर खुर्चीत बसून नुसता नकाशा दाखवत. खोली आयती आवरलेली मिळू लागली आणि त्यात शिकवताना मला घरात कोणी वारल्यासारखं वाटे. एकदा एका पोरीनं विचारलं, "सर, जुळल्यानंतर पुढे काय होतं?" सर म्हणाले, "अटलांटिकच्या आधी तिथे दुसराच समुद्र होता. तो मिटला, खंड शिवले गेले. मग बऱ्याच ठिकाणी त्या शिवणीजवळच पुन्हा उसवलं." पोरीनं ते लिहून घेतलं.

त्याच हिवाळ्यात सर गेले. झोपेतच. पलंग त्या जोडभिंतीला लावलेला होता.

नदीकाठच्या स्मशानात फिटर आला. कंपनीच्या गणवेशातच, सगळ्यांच्या मागे, एकटा. मला राहवलं नाही. चिता पेटल्यावर मी त्याच्याजवळ गेलो आणि विचारलं, "तेव्हा एवढा चहा घेतला असतास तर काय झालं असतं रे?"

त्यानं गणवेशाच्या बाहीनं तोंडावरची राख पुसली.

"साखरेचा होता," म्हणाला. "मला साखर चालत नाय."